सोलापूरचा विकास नेमका कशाने मोजायचा?

परवा मित्रांच्या ग्रुपवर सोलापुरात व्हायच्या आयटी पार्कवरून जोरात वाद झाला. कुठे होणार, किती एकर, कोणत्या कंपन्या येणार. मी एकच विचारलं की समजा झाला, तर पाच वर्षांनी तो यशस्वी झाला हे आपण कशावरून ठरवणार? कुणाकडेच उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं, म्हणून दोन दिवस डोक्यात तेच चाललंय.

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो, मागाच्या खडखडाटात झोपायची सवय होती आम्हाला. आज शहरात यंत्रमाग किती चालू आहेत, चादर-टॉवेलमध्ये किती माणसं आहेत, गणवेशाच्या शिलाईत किती बायका आहेत आणि बीडीचं काम सुटलेल्या बायका कुठे गेल्या, हे विचारलं की दहा जण दहा आकडे सांगतात. आज कुठे उभे आहोत हेच माहीत नसेल तर पुढचं टार्गेट ठरवणार कसं?

आणि हे महापालिकेचं काम नाही असं म्हणू नका. 74 व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली त्यातल्या 18 कामांमध्ये तिसऱ्याच नंबरला आर्थिक आणि सामाजिक विकासाचं नियोजन आहे. आपल्या राज्यात महापालिकांना दरवर्षी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल सभेपुढे ठेवावा लागतो, हवा किती खराब, कचरा किती, सगळं त्यात येतं. मग तसाच शहराच्या रोजगाराचा अहवाल दरवर्षी का नको?

आपल्याकडे मोजलं जातं ते खर्चाने. जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत सोलापूर आलं तेव्हा मला खरंच अभिमान वाटला होता, पण नंतर सगळी चर्चा किती कोटी मंजूर, किती खर्च, किती कामं पूर्ण एवढीच. रस्ता झाला हे ठीक, पण त्या रस्त्यावरच्या दुकानांचा गल्ला वाढला का? केंद्राच्या स्वनिधी योजनेतून फेरीवाल्यांना मिळणाऱ्या कर्जाचंही तेच, सुरुवातीला 10 हजारांचं कर्ज होतं, किती जणांना दिलं तो आकडा लगेच मिळतो, पण वर्षभराने तो माणूस त्याच जागी गाडी लावून उभा आहे का, की त्याला तिथून उठवलं, हे कोण बघतं.

आता मुद्द्याचं. सोलापूरसाठी सगळ्यात मोठं आर्थिक उद्दिष्ट माझ्या मते पाणी आहे. हसू नका. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या शहरात पाण्याच्या दिवशी घरात कुणीतरी थांबावंच लागतं आणि थांबते ती बाईच, म्हणजे शिलाईला जाणारीचा खाडा, पीसवर काम असेल तर तेवढे पैसे गेले. महिन्यातले असे सहा-सात दिवस धरा आणि हजारो घरांनी गुणा. रंगाईवाल्याला टँकर घ्यावा लागला की टॉवेलचा खर्च वाढतो, तो वेगळाच. उजनी धरणातून येणाऱ्या समांतर जलवाहिनीबद्दल आपण एमएलडी (रोजचे दशलक्ष लिटर) आणि किलोमीटर विचारतो, खरं विचारायचं ते हे की पाण्यापायी पडणारे खाडे किती कमी झाले.

एमआयडीसी राज्याची, वीज महावितरणची, पालिकेच्या हातात काय असं ग्रुपवर एक जण म्हणाला, आणि ते बऱ्यापैकी खरंय. म्हणूनच जिथे पालिकेचा हात पोचतो तिथलीच उद्दिष्टं धरा ना. पाणी, ड्रेनेज, परवाने, मंडई, बस. पुणे रोडच्या चिंचोळी एमआयडीसीत स्वतःची गाडी नसलेला पोरगा पाऊण तासात पोचतो का, हे मोजता येतं. नवीन उघडलेल्या दुकानांपैकी तीन वर्षांनी किती चालू राहिली हे परवान्यांच्या आणि मिळकतकराच्या नोंदींतून काढता येईल, नवीन सर्व्हे पण लागणार नाही. यंत्रमागाला विजेचा दर वेगळा आहे, म्हणजे महावितरणकडून चालू मीटरचा आकडा मागवता येईल.

आयटी पार्कला माझा विरोध नाही, उलट लवकर व्हावा. रविवारी संध्याकाळी पुण्याच्या गाड्यांना आपल्या पोरांची गर्दी बघून पोटात कालवतं. पण त्याचं यश एकरात मोजू नका, पुण्याहून किती जण परत आले आणि त्यांना पगार किती मिळतोय ते सांगा.

पुढच्या बजेटच्या सभेत मला पहिला आकडा हवाय तो वर्षातल्या पाण्याच्या दिवसांचा, जुळे सोलापूर भागाचा वेगळा आणि पूर्व भागाचा वेगळा, आणि त्याच्या शेजारी मागच्या वर्षीचा. आपापल्या नगरसेवकाला एवढं तरी विचारा.