बोट लागण्याआधी

सांगलीकराला पाणी फुटांत कळतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका आणि त्यापुढे धान्याचे डबे माळ्यावर. अशा माणसांनी दिवाळीच्या सुट्टीत आपण होऊन, वर पैसे भरून, लक्षद्वीपच्या क्रूझवर चारी बाजूंनी पाण्यात जाऊन बसायचं म्हटलं की घरातल्या थोरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती फूट?" लक्षद्वीपला प्रवाळाच्या कड्याच्या आत पाणी काही ठिकाणी जेमतेम कमरेएवढं असतं आणि कड्याबाहेर हजारो फूट. यातला पहिलाच आकडा सांगावा.

क्रूझचा विषय निघाला की जो तो समुद्राची धास्ती घेतो. माझं म्हणणं, समुद्र बिचारा सगळ्यात शेवटी त्रास देतो. त्याआधी कागद, वेळापत्रक आणि आपलीच माणसं रांगेत उभी असतात.

कागदांपासून बघा. लक्षद्वीप आपल्याच देशात असलं तरी परवान्याशिवाय तिथे पाऊल टाकता येत नाही. तो क्रूझवाले काढून देणार की आपण काढायचा, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी विचारून घ्यायचं. मग नावं. तिकिटावरचं नाव ओळखपत्राबरहुकूम लागतं. पण घरात जिला सगळे बेबीमावशी म्हणतात, ती आधारवर शकुंतला निघते, बँकेत शकुन्तला आणि मतदार यादीत माहेरच्या आडनावासकट. धाकट्याचं बाल आधार पाचव्या वर्षानंतर बोटांचे ठसे देऊन अद्ययावत करावं लागतं, आणि हे नेमकं निघायच्या आठवड्यात आठवतं. सगळ्यांची ओळखपत्रं एका फाइलीत ठेवा आणि फाइल एकाच माणसाकडे द्या. तो माणूस काका नसावा. काका फाइल बॅगेत तळाशी, स्वेटरखाली ठेवतात. (लक्षद्वीपला स्वेटर कशाला, हे विचारायचं नाही.)

महिना कोणता? पावसाळ्यात तिकडचा समुद्र खवळलेला असतो आणि पर्यटन जवळजवळ बंद. केरळात मान्सूनची सरासरी तारीख 1 जून, पण समुद्र मेच्या उत्तरार्धातच बिनसायला लागतो. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचं तर मेचा पहिला पंधरवडा गाठावा. दिवाळीत ऊन बरं असतं, पण परतीचा पाऊस आणि एखादं चक्रीवादळ यांनाही तीच सुट्टी आवडते. जहाजाचा मार्ग हवामान बघून बदलता येतो, एखादं बेट सरळ गाळलंही जातं, आणि ही अट तिकिटामागे बारीक अक्षरात असते. मुलांना बेटांची नावं आधीच पाठ करायला लावू नका.

आता पैसे. जाहिरातीतला आकडा बहुधा माणशी असतो, तोही एका खोलीत दोघं धरून. त्यावर बंदराचे आकार, जीएसटी, सेवेची बक्षिसी, बेटावरच्या सहली, पेयं आणि इंटरनेट. तिसऱ्या-चौथ्या माणसाचा दर कमी असतो, कारण त्याचा पलंग भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा असतो. तिथे मुलं झोपतात आणि रात्रभर शिडीवरून खाली-वर करतात. बिनखिडकीची खोली सगळ्यात स्वस्त. दिवा घालवला की त्यात दिवस-रात्र कळत नाही, त्यामुळे रोज पाचला उठणारे आजोबा नऊपर्यंत झोपतात आणि उठल्यावर घड्याळाशी भांडतात.

मुंबईहून निघणारं जहाज धरायचं तर महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. रात्री सांगलीत बसलं की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथून बॅलार्ड पियर, म्हणजे जहाजाचा धक्का, टॅक्सीने जवळ. अडचण मधल्या वेळाची: गाडी सकाळी पोचवते आणि जहाजात घेतात दुपारी. रेल्वेच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप लागतं. चेन तुटलेली, सुतळीने आवळलेली बॅग ते घेत नाहीत, आणि प्रत्येक कुटुंबात अशी एक बॅग असतेच. त्याच दिवशी पोचणाऱ्या गाडीवर माझा मात्र विश्वास नाही. गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. आदल्या दिवशी ठाण्याच्या आत्याकडे मुक्काम टाकावा. आत्यालाही बरं वाटतं.

बंदरावर सामान यंत्रातून जातं. इस्त्री, विजेची किटली, इंडक्शनची शेगडी हे सगळं बाजूला काढतात, कारण जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची. जप्त करत नाहीत, जमा करून पावती देतात आणि उतरताना परत. ज्या घरात चहा दुसऱ्याच्या हातचा चालत नाही, तिथे हा क्षण जड जातो. घरचं खाणंही बहुतेक ठिकाणी वर नेऊ देत नाहीत. पाकीटबंद भडंगाला परवानगी आहे का, हे आधी फोन करून विचारावं, तेलकट पिशवीसह वाद घालू नये.

वर गेल्या गेल्या सुरक्षेची कवायत. 2015 पासून आंतरराष्ट्रीय नियमानुसार ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, म्हणजे ठरलेल्या जागी जमायचं. याच वेळी वरच्या मजल्यावर भज्यांचा घाणा निघतो असा आमच्या मंडळींना संशय असतो, म्हणून ती पळवाट शोधतात. हजेरी घेतात. पळता येत नाही.

आता बोट लागण्याचं. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कानाच्या आतला तोल सांगतो हलतेय, आणि दोघांच्या भांडणात पोट मार खातं. म्हणून खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, तिथे हेलकावा कमी. मोठ्या जहाजांना पोटाशी पंख असतात, ते आडवं डोलणं आवरतात. पुढून-मागून होणारं वर-खाली त्यांच्या हातात नसतं. शिवाय जहाज उभं राहिलं की हे पंख फारसं काम करत नाहीत. म्हणजे जहाज रात्रभर पळताना धडधाकट असलेली वहिनी सकाळी बेटासमोर नांगर टाकल्यावर पांढरी पडते. डॉक्टरांना विचारून आणलेली गोळी निघण्याआधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी उलटीबरोबरच परत येते. उपाशी राहू नये, मोबाइलमध्ये डोकं घालू नये, उघड्या डेकवर येऊन क्षितिज बघावं. आलेपाक चघळायला हरकत नाही, त्याने निदान तोंड बंद राहतं.

उलट्यांचं दुसरं कारण म्हणजे बुफे. हजार माणसं एकच डाव हाताळतात. दारातल्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नका. पोट बिघडवणारा नोरोव्हायरस त्याला फारशी दाद देत नाही, त्याला साबण आणि पाणीच लागतं.

खरी परीक्षा बेटावर उतरताना. प्रवाळामुळे मोठं जहाज बहुतेक बेटांशी बाहेरच थांबतं आणि कुशीतल्या दारातून छोट्या बोटीत उतरायचं असतं. दार एका उंचीवर, बोट मात्र लाटेबरोबर आत्ता गुडघ्याशी, आत्ता पार खाली. खलाशी दोन्ही दंड धरतो आणि "आता" म्हणतो. बोट वर आलेली असते तेव्हाच पाऊल टाकायचं. इथे आपली माणसं विचार करतात. विचार होईपर्यंत बोट खाली जाते आणि मग पाऊल निघतं. दोन्ही हात मोकळे हवेत, चप्पल मागून पट्टा असलेली, साडीऐवजी पंजाबी ड्रेस. आणि आजीच्या हातातली पर्स दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. ती देणार नाही, पण मागून बघावी.

बेटावर पाण्यात बूट घालून शिरा. प्रवाळाने कापलेली जखम लवकर भरत नाही. मुलांचे खिसे परतताना तपासा. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, शोकेसला शोभेल म्हणून उचलायचा दगड नव्हे.

फोन किनारा सुटताच विमान मोडवर. नाहीतर तो जहाजावरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि "पोचलो, जेवलो" एवढ्या दोन शब्दांचं बिल घरी येतं.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे वेगळे काढून ठेवा. हे वाचूनही एक जण सगळं भरणार आणि बंदरावर नाइट ड्रेसमध्ये, बायकोची ओढणी खांद्यावर टाकून उतरणार. जमिनीवर आल्यावरही दिवसभर हलल्यासारखं वाटतं. ते ठीक आहे, डॉक्टर गाठू नका. शाळा सोमवारी उघडणार असेल तर जहाज शनिवारी उतरलेलं बरं. रविवार लागतोच. मिठाने कडक झालेले कपडे दोनदा धुवावे लागतात, आणि दिवाळीचा गृहपाठ दिला होता हे मुलांना त्याच दिवशी संध्याकाळी आठवतं.