‘विंडोजवर गार, लिनक्सवर गरम’, म्हणून दोष ड्रायव्हरचा?

एक मजकूर सध्या बराच फिरतोय: ‘विंडोजवर नीट चालणारा लॅपटॉप लिनक्सवर तापतो नाहीतर अचानक बंद पडतो. म्हणजे फर्मवेअर चोख आहे, लिनक्सचा थर्मल ड्रायव्हरच ठिगळांचा आहे. बूट करताना थर्मल.नोसीआरटी=1 द्या, विषय संपला.’

आधी ‘फर्मवेअर चोख’. फर्मवेअर म्हणजे कंपनीने मशीनमध्येच बसवून दिलेलं मूळ सॉफ्टवेअर; बायोस म्हणतात ते हेच. विंडोजवर चाललं याचा अर्थ ते विंडोजवर तपासलं होतं, एवढाच. एसीपीआयमध्ये, म्हणजे फर्मवेअर आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांनी एकमेकांशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीत, फर्मवेअरला समोरची सिस्टिम कोणती हे विचारता येतं. ‘विंडोज का?’ असं विचारल्यावर लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) सरळ ‘हो’ म्हणतो, ‘लिनक्स का?’ विचारलं तर ‘नाही’! हसू येतं, पण इलाज नाही. फर्मवेअरमध्ये लिनक्ससाठी वेगळी ठेवलेली वाट बहुधा कोणी चालवूनच पाहिलेली नसते.

आता तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या थर्मल ड्रायव्हरमधली ठिगळं. आहेत, आणि ती का आहेत ते कोडमध्येच लिहिलंय. काही बायोस ‘या तापमानाला मशीन बंद करा’ म्हणून जो आकडा देतात, तो शून्य अंश सेल्सिअसच्याही खाली असतो. तो खरा मानला तर मशीन सुरू होताहोताच बंद पडेल, म्हणून ड्रायव्हर तो टाकून देतो. दुसरं ठिगळ माझ्या आवडीचं. एसीपीआय तापमान केल्विनच्या दशांशात देतं. केल्विन आणि सेल्सिअसमधला खरा फरक 273.15 चा, पण जागा एकाच दशांशाची. म्हणून कोणी 273.1 धरतं, कोणी 273.2. मग ड्रायव्हर धोक्याच्या मर्यादेचा आकडा पाहतो: त्याला 5 ने भागून 1 उरला (जसं 3731, म्हणजे 373.1 केल्विन), तर 273.1, नाहीतर 273.2. याला निष्काळजीपणा म्हणायचं?

ड्रायव्हरमध्येही चुका असतात, हे मान्य. पण बूट करताना द्यायला सांगितलेलं ते नोसीआरटी त्यांवरचा उपाय नव्हे. मशीन थंड होत नाही, फक्त मर्यादा ओलांडल्यावर रीतसर बंद करण्याचं काम कर्नल सोडून देतो. पुढे प्रोसेसरने स्वतःच्या बचावासाठी वीज तोडली, तर न साठवलेली फाइल गेली.

नोसीआरटी देण्याआधी ‘सिस’मधल्या ‘क्लास’ फोल्डरातलं ‘थर्मल’ (/sys/class/thermal) उघडून मर्यादा वाचा. तिथे 95000 म्हणजे 95 अंश. आकडा पटण्यासारखा असेल तर पंख्यातली धूळ काढा. नसेल तर बायोस अपडेट आहे का पाहा; तेही नसेल तर मॉडेलच्या नावासकट कर्नलवाल्यांना कळवा, म्हणजे ठिगळ लागलंच तर तेवढ्याच मॉडेलला लागेल.