‘नोंदणीकृत’ या शब्दाच्या बाहेर राहिलेली माणसे

आज सकाळी साडेआठच्या सुमारास आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि तिथे भाजी विकणाऱ्या आक्कांची हातगाडी, वजनकाटा आणि भरीताच्या वांग्यांचे दोन क्रेट उचलून घेऊन गेली. मी दुधाची पिशवी हातात धरून तिथेच उभा होतो. आक्का ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. गाडीमागे चार पावले चालल्या आणि मुकाट्याने परत फिरल्या. त्यांना असे परत फिरताना मी यापूर्वी एकदा पाहिले आहे, म्हणूनच आज दिवसभर माझे कशात लक्ष लागलेले नाही.

एप्रिल २०२० मध्ये आम्ही काही मित्र वॉर्डात किराणा किट वाटत होतो. किराणा व्यापाऱ्यांनी दिला होता, यादी रेशनकार्डांवरून तयार झाली होती आणि ती यादी माझ्या हातात होती. आक्का रांगेत तासभर उभ्या राहिल्या. त्यांचे कार्ड सासरी, चोपडा तालुक्यातल्या गावी. इथे भाड्याची एक खोली. मी यादी दोनदा वरपासून खालपर्यंत वाचली. शेवटी त्याच म्हणाल्या, “मन्हं नाव यादीमा नही शे, भाऊ.” मग पिशवीतली न विकली गेलेली वांगी त्यांनी आमच्या टेबलावर ठेवली, कारण शेजारच्या मंगल कार्यालयात गरजूंसाठी स्वयंपाक चालू होता. आम्ही वांगी ठेवून घेतली आणि किट दिले नाही.

त्या वेळी आम्हाला माहीत नव्हते, पण रेशनकार्ड दुसऱ्या गावचे असले तरी धान्य घेता यावे अशी सोय १ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रासह बारा राज्यांत सुरू झालेली होती. कागदावर होती. आक्कांना ती कोणी सांगितली नाही, आणि सांगायची कोणाला जबाबदारी वाटली नाही, त्यात मीही आलो.

करोनातून शहर सावरले, असे आपण आता सहज म्हणून जातो. दुकाने उघडली, लग्ने वाजू लागली, म्हणजे सावरले. परंतु ज्या माणसांनी त्या दोन वर्षांत घरातले किडूकमिडूक मोडले, मुलाची शाळा सोडवली, आठवड्याच्या हप्त्यावर गटाचे कर्ज घेतले आणि आजही ते फेडत आहेत, ती माणसे कधी सावरणार, याचे नियोजन कोणाच्या टेबलावर आहे? मदत आली नाही असे मी म्हणत नाही. गरीब कल्याण योजनेतून माणशी ५ किलो धान्य मोफत मिळाले, मे २०२० मध्ये केशरी कार्डवाल्यांनाही सवलतीचे धान्य मिळू लागले, आणि ज्यांच्याकडे कार्डच नव्हते अशा स्थलांतरितांसाठीही दोन महिन्यांच्या धान्याची घोषणा झाली. हे मान्य. पण त्यानंतर एप्रिल २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांच्या काळासाठी प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले, ते कोणाला? नोंदणीकृत बांधकाम कामगारांना, नोंदणीकृत घरेलू कामगारांना, परवानाधारक रिक्षाचालकांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना. हा ‘नोंदणीकृत’ शब्द मी तेव्हा वर्तमानपत्रात वाचला आणि मला टेबलावरची ती वांगी आठवली. ज्याचा रोजगार सर्वांत कच्चा, त्याचीच नोंद नसते, आणि मदत मात्र नोंदीच्या दारातूनच आत येते.

जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आली. तेव्हा पहिल्या टप्प्यात १०,००० रुपयांचे खेळते भांडवल, तारणाशिवाय, वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज अनुदान. चांगली योजना आहे, मी तिची चेष्टा करणार नाही. तिच्यासाठी विक्री प्रमाणपत्र हवे, नाहीतर पालिकेचे शिफारसपत्र हवे. आक्का सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर कोपऱ्यावर असतात. सर्वेक्षण करणारे दुपारी दोनला येऊन गेले. शिफारसपत्रासाठी त्या तीन वेळा खेटे घालून आल्या, तीन सकाळींचा धंदा बुडाला, आणि चौथ्या वेळी गेल्याच नाहीत. याला जर कोणी ‘लाभार्थीची उदासीनता’ म्हणणार असेल तर त्याने माझ्या मित्रयादीतून खुशाल बाहेर पडावे.

रस्ता मोकळा हवा, रुग्णवाहिकेला वाट हवी, हे मला कळते. पण २०१४ चा पथविक्रेता कायदाही रस्ता अडवा असे सांगत नाही. तो सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही उठवता येणार नाही. उठवायचे तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि जप्त केलेला नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच परत करावा लागतो. त्याच कायद्याने नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, अशी तरतूद केलेली आहे. आक्कांना आज सकाळी कोणती नोटीस मिळाली होती? त्यांना तर अशी समिती असते हेदेखील मी आज सांगितले तेव्हा कळले.

जळगावच्या चटई कारखान्यांतले आणि डाळ मिलमधले मजूर, धुळ्याच्या यंत्रमागांवरचे कामगार, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाया, हमाल, यांची गोष्ट काही वेगळी नाही. शहरी भागात प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरवली गेली, म्हणजे महिन्याला पाच हजारांच्याही आत. त्यात खोलीभाडे भरून कोणते घर चालते? आणि किती माणसांना हे धान्य द्यायचे ते ज्या लोकसंख्येवर बेतलेले आहे ती २०११ च्या जनगणनेची आहे.

८ मे २०२० आठवतो का तुम्हाला? जालन्याहून भुसावळच्या रेल्वेगाडीच्या आशेने रुळांवरून चालत निघालेले सोळा मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. ते आपल्या भुसावळला येत होते. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्या सगळ्या देशाने पाहिल्या, आणि पुढच्या वेळी अशी माणसे कोठे, किती, कोणत्या खोलीत राहतात हे आपल्याला आधी ठाऊक असेल, एवढी साधी तजवीजही आपण केली नाही. आधी तजवीज करता येत नाही असे म्हणू नका. आपल्याच नंदुरबारने, आदिवासी जिल्ह्याने, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या काळात, पहिली लाट ओसरलेली असताना ऑक्सिजन प्रकल्प उभे केले आणि दुसऱ्या लाटेत ते कामी आले. ऑक्सिजनची जी आधी तयारी करता येते, ती माणसांच्या नावांची का करता येत नाही?

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक वॉर्डात वर्षभर उघडी राहणारी नोंदवही हवी, तिच्यात भाडेकरूचे नाव घरमालकाच्या सहीवाचून लिहिले जावे, नोंद करणाऱ्याने विक्रेत्याच्या वेळेला त्याच्या जागी जावे आणि यादी अंतिम करताना त्या लोकांतलीच माणसे टेबलाच्या या बाजूला बसलेली असावीत. तशी एक जरी बाई त्या एप्रिलमध्ये माझ्या शेजारी असती तर तिने आक्कांना पाहताक्षणी नाव लिहिले असते.

हे लिहायला बसलो तेव्हा फार चिडलो होतो. संध्याकाळी आक्कांकडे जाऊन आलो. आम्ही दोघे आज दुपारी माल परत मागणारा लेखी अर्ज देऊन आलो आहोत, पोचही घेतली आहे. वांगी अजून मिळालेली नाहीत. त्या मला रागावल्या नाहीत, कधीच रागावल्या नाहीत, आणि तेच मला सोसत नाही. २०२० ची ती यादी मी जपून ठेवलेली आहे. तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सांगितली तशी कोपऱ्यावर बसणाऱ्या अकरा जणांची नावे लिहून घेतली, पहिले नाव त्यांचे. बाकीची माणसे पहाटे पाचला भाजीबाजारात लिलावाच्या वेळी भेटतील, असे त्या म्हणाल्या. मी उद्या जाणार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी वही आणि पेन घेऊन यावे.