समुद्र तुझ्या बाजूला आहे

केपटाउनला जायचं म्हणजे चॅपमन्स पीक ड्राइव्ह करायचाच, हे पश्याने व्हिसा यायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. करायचा म्हणजे मी करायचा, कारण त्याचं लायसन्स एक्सपायर झालंय हे त्याला भाड्याची गाडी घेताना काउंटरवर कळलं. म्हटलं ठीक आहे, तिकडे गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवतात, आणि आपण आरे-वारेच्या रस्त्यावर हात साफ केलेली माणसं, हाय काय नाय काय.

तर हा रस्ता हाउट बे ते नूर्डहूक, फक्त ९ किलोमीटर, आणि त्यात वळणं ११४! १९१५ ते १९२२ अशी सात वर्षं कडा फोडून बनवलाय. पुढे दरडी इतक्या कोसळल्या की २००० मध्ये बंदच केला आणि २००३ मध्ये जाळ्या-बिळ्या लावून, वर टोल लावून परत उघडला. ही सगळी माहिती पश्या मोबाइलवरून मोठ्याने वाचत होता आणि प्रत्येक वळणावर "अरे ते बघ, ते बघ!" मी काय बघणार, कपाळ? माझ्या पुढे एक पांढरी बक्की, म्हणजे तिकडच्या भाषेत पिकअप, तिचा डावा टेललाइट फुटलेला, मागे एक कुत्रा बसलेला. कुत्रा मात्र कान वाऱ्यावर सोडून निवांत समुद्र बघत होता.

नूर्डहूकला पोचलो तर साहेबांचं तोंड पडलेलं. म्हणे, "माझ्या खिडकीतून नुसता डोंगर आणि जाळ्या, समुद्र सगळा तुझ्या बाजूला." बरोबरच होतं त्याचं, दक्षिणेकडे जाताना समुद्र उजवीकडेच येणार, भूगोल काय मी केलाय? पण नाही, परत उलटं जायचं म्हणजे जायचं.

गेलो. आता समुद्र डावीकडे, थेट त्याच्या दाराखाली, मधे गुडघाभर दगडी कठडा आणि खाली अटलांटिक आपटतोय. तिसऱ्या वळणावर पश्याची बडबड बंद झाली, पाचव्याला त्याने डोक्यावरचं हॅण्डल धरलं, आणि मग जे डोळे मिटले ते टोलनाका आल्यावरच उघडले. म्हणजे बघा, गाडीत दोघांचे मिळून चार डोळे, त्यातले दोन बंद, दोन वळणावर, समुद्राच्या वाट्याला एकही नाही!

आणि खरी मजा पुढेच आहे, पेंग्विन बघायला बोल्डर्स बीचला जायचं तर ते पडलं त्याच दिशेला, म्हणून तिसऱ्यांदा तोच रस्ता, परत टोल. नाक्यावरची बाई आम्हाला बघून इतकी हसली की पश्याला वाटलं डिस्काउंट देणार. नाही दिला. बोल्डर्सला पार्किंगमध्ये पाटी, गाडी काढण्याआधी खाली पेंग्विन नाही ना बघा. पश्या नवीन पांढऱ्या शर्टात डांबरावर आडवा झाला, चांगली दोन मिनिटं, आणि उठून म्हणाला, "नाहीये रे," तेही अशा आवाजात की जणू घरचंच कोणी हरवलंय. पेंग्विन तिकडे खडकांवर गाढवासारखे रेकत होते, खरंच तसेच रेकतात ते.

रात्री हॉटेलवरून बायकोचा व्हिडिओ कॉल. "काय मग, समुद्र कसा होता?"

मी म्हटलं, "पांढरा. डावा टेललाइट फुटलेला."