तो शिक्का लष्कराचा नव्हे, रेल्वेचा

बेळगावच्या जुन्या रजिस्टर पाकिटावर गावाचं नाव नसलेला, नुसतं अक्षर आणि आकडा असलेला शिक्का म्हणजे युद्धकाळातला गुप्त लष्करी शिक्का, हे तुमच्या लेखातलं विधान पटलं नाही. त्याच गोलात ‘आरएमएस’, ‘सेट’ आणि ‘इन’ किंवा ‘आउट’ दिसत असेल तर तो रेल्वे टपाल सेवेचा, म्हणजे धावत्या गाडीच्या टपालडब्यात पत्रांची छाननी करणाऱ्यांचा. अक्षर-आकडा हा त्या मार्गाचा सेक्शन, सेट म्हणजे पाळीने जाणारी तुकडी, आउट म्हणजे मुख्य ठाण्याहून निघतानाची खेप, इन म्हणजे परतीची. गाडीच चालती, मग गाव घालणार तरी कुठलं?

लष्कराच्या शिक्क्यावर ‘एफपीओ’ (फील्ड पोस्ट ऑफिस, म्हणजे सैन्याचं टपालघर) आणि क्रमांक असतो. पलटण कुठे आहे ते कळू नये म्हणून ठिकाण मुद्दाम गाळलेलं. बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीमुळे आपल्या भागात असली पत्रंही बऱ्याच घरांत सापडतात, घोळ तिथेच होत असावा. आमच्या खानापूरच्या घरी आजोबांच्या जमिनीच्या दाव्याची, पुण्याच्या वकिलांनी रजिस्टरने पाठवलेली पाकिटं आहेत. युद्धाशी काडीचा संबंध नाही, तरी पाठीवर रेल्वेचे शिक्के आहेतच! रजिस्टर पत्र हातोहात नोंदवत पुढे जायचं, म्हणून पाठ शिक्क्यांनी भरते, हे मात्र तुम्ही नेमकं लिहिलंय. लेखातल्या फोटोत पाकिटाची फक्त पुढची बाजू दिसते. मागची टाकाल का?