माझं आडनाव ससाणे नाही

माझं आडनाव ससाणे नाही. गेल्या नऊ दिवसांत हे मी निदान अकरा मुलींना फोनवर सांगितलंय. त्या सगळ्या फार गोड आवाजात "ओके ससाणे सर" म्हणतात आणि पूर्वाभिमुख प्लॉट आता चारच उरलेत, असं सांगतात.

या सगळ्याच्या मुळाशी आहे अलांग. अलांग ही अमूर ससाण्याची तरुण मादी. या जातीचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आमच्याकडे दोन माणसांना लागणारे पोहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या लोकांनी अपापांग, आहू आणि अलांग अशा तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाचे टॅग बांधून त्यांना सोडलं. हे पक्षी सैबेरिया आणि उत्तर चीनकडून येतात, ईशान्य भारतात पंख फुटलेली वाळवी खाऊन टुमटुमीत होतात, मग देश आडवा ओलांडून अरबी समुद्रावरून सरळ आफ्रिकेला जातात. नकाशावर अलांगची रेघ पिवळी. मी त्या पिवळ्या रेघेच्या नादी लागलो.

"आपला मुलगा पहिल्यांदा जर्मनीला गेला तेव्हा त्याचं विमान कुठवर पोचलं ते मी रात्रभर बघत होते," बायको म्हणाली. "तुम्ही घोरत होतात." खरंय. पण विमान पोचणार हे ठाऊक असतं हो. आणि विमानात जेवण देतात.

अपापांगने ७६ तासांत सुमारे ३,००० किलोमीटर अंतर न थांबता कापलं. म्हणजे ताशी चाळीसच्या आत-बाहेर, रात्र-दिवस. त्याच आठवड्यात मी कोथरूडहून वाघोलीला एका लग्नाला गेलो. बावीस किलोमीटर, दोन तास दहा मिनिटं, आणि अक्षता संपल्यावर पोचलो. याच्यावर लिहायचं म्हटलं तर वेगळा लेख होईल आणि त्यात विनोद नसेल, म्हणून सोडतो.

तर बातमी आली, की अलांग ६ दिवस १४ तासांत ५,६०० किलोमीटर जाऊन केनियात उतरली. वाटेत तेलंगणात एक रात्र मुक्काम आणि महाराष्ट्रात तीन तास. तीन तास! तेलंगणात रात्र काढली आणि आमच्याकडे आपली उंबऱ्यावर टेकून पाणी प्यायल्यासारखं केलं. बरं, हे कळलं कधी, तर बाई केनियात पोचल्यावर. नेमकी कुठे टेकली ते बघायला मी नकाशावर अंगठा ठेवला, तर अंगठ्याखाली तीन जिल्हे गेले.

नावांचं मात्र मला आवडतं. २०१३ मध्ये नागालँडमध्ये पहिल्यांदा तीन अमूर ससाण्यांना टॅग लावले, त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती. पांगती हे गाव. २०१२ पर्यंत त्या भागात जाळी लावून हे पक्षी हजारोंनी मारले, विकले जात होते. बोंब झाली, आणि पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी जाळी बंद केली. हातातोंडाशी येणारा पैसा सोडला. अशा गावाचं नाव पक्ष्याला शोभतं. हेच टॅग आमच्याकडे लावले असते तर? 'स्वारगेटने अरबी समुद्र ओलांडला, धायरी अजून वाटेत.' असो.

अलांग गेली तर गेली, तिचं गणगोत तर अजून मागे असेल! नोव्हेंबरच्या अखेरीला लोणावळ्याच्या बाजूच्या पठारांवर अमूर ससाण्यांचे थवे टेकतात, हे पुण्या-मुंबईच्या पक्षीवेड्यांना माहीत आहे. माझं एक ठरलेलं पठार आहे. म्हणजे होतं. रविवारी पहाटे साडेचारला निघून सहाला तिथे पोचलो, तर रस्त्यावर लाल-पांढरा अडसर, शेजारी केबिन आणि केबिनमध्ये कानटोपी. पलीकडे बंगले, कुंपण, हिरवळ. प्रकल्पाचं नाव सांगत नाही, पण त्यात 'नेस्ट' हा शब्द आहे आणि पाटीवर गरुड रंगवलाय. तोही भारतातला नाही.

कानटोपी बाहेर आली. हातात वही. "नोंद करा साहेब."

वहीत रकाने. नाव, गाडी नंबर, मोबाइल, कुणाकडे, काम. पहिल्या रकान्यात मी झोपेत नुसती सही ठोकली. मोबाइल नंबर दिला. 'कुणाकडे' या रकान्यात मात्र लिहिलं 'ससाणे'. असली हुशारी मला सकाळी सहाला सुचते, हा माझा जुना दोष आहे.

त्याने बोट फिरवत वाचलं. "ससाणे. कितवा बंगला?"

"बंगला नाही. आकाशात असतात."

त्याने टोपी काढली. "वारले का? कधी?"

"अहो, पक्षी! ससाणे पक्षी."

"पक्षी बी असतील, पण आडनाव ससाणे इथं कुणी न्हाई. सात नंबरला सोनवणे हायत. अकराला साने. पण साने फकस्त मे महिन्यात येतात."

"तेही हंगामीच की," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याने इंटरकॉमवरून सोनवण्यांना उठवलं. रविवारी, सकाळी सहा वाजता. पलीकडून जे ऐकू आलं ते मला चार हातांवरूनही स्पष्ट कळलं.

"ते न्हाई म्हणत्यात," तो म्हणाला. मग बराच वेळ वहीकडे बघून त्याने निकाल लावला. "इथं ससाणे न्हाई. म्हंजे ससाणे तुम्हीच." माझी सही कुणाच्या बापाला वाचता येत नाही, तिच्यावर त्याने सुबक अक्षरात 'ससाणे' लिहिलं आणि 'काम' या रकान्यात 'प्लॉट पाहणे'. "पक्षी बघायला परवानगी न्हाई. प्लॉट बघायला हाय. पण सेल्सचं आफिस धाला उघडतं."

माणूस वाईट नव्हता. हिंगोलीकडचा. गावी दोन एकर, इथे बारा तासांची पाळी. मला थर्मासमधला चहा दिला. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडच्या तारांवर ते दिसले. वीस-पंचवीस. दुर्बीण लावली तर एक मादी नेमकी समोर, पांढुरक्या छातीवर काळे ठिपके, पाय नारिंगी. तिने झेप घेतली, हवेत चतुर धरला आणि उडता उडताच पाय तोंडाशी नेऊन खाल्ला. त्याचे पंख तेवढे गिरक्या घेत खाली आले.

"काय खातंय?"

"चतुर. किडे. वाळवी."

"मग इथं उपाशी मरंल. सोमवारी न् गुरुवारी औषधाचा धूर सोडत्यात. मालकांना किडे चालत न्हाईत." आणि हात पुढे करून, "बघू."

मी दुर्बीण दिली. हिंगोलीच्या माणसाने चहा दिलाय, नाही कसं म्हणायचं? त्याने ती डोळ्यांना लावली आणि हळूहळू डावीकडे वळवली. पक्षी उजवीकडे होते.

"अकराच्या गच्चीत कपडे," तो पुटपुटला. "साने तर न्हाईत. मग कपडे कुणाचे?" पाच मिनिटं. "लेडीज कपडे." आणखी पाच मिनिटं. मी म्हटलं, भाऊ, जरा मला... "थांबा की साहेब, ही शिक्युरिटीची बाब हाय." दुर्बीण परत मिळाली तेव्हा काच धुरकटलेली होती आणि तारा रिकाम्या.

हा रस्ता पूर्वी वहिवाटीचा होता. गुराखी जायचे, मीही जायचो, वीस वर्षं. अडसर कुणाच्या परवानगीने टाकला, हे विचारायला गेलो तर ज्या कार्यालयात विचारायचं तिथे आधी नोंदवहीत लिहावं लागतं, कुणाकडे, काय काम. मी परत आलो.

अलांगच्या पाठीवर टॅग आहे, तरी निदान तिला कुणी फोन करत नाही. माझे दहा आकडे आता कुणाकुणाकडे आहेत देव जाणे. काल रात्री जेवताना बारावी मुलगी आली. "ससाणे सर, आपण साइटवर आला होतात, पण आत गेलाच नाहीत. रविवारी आमची गाडी येईल घरापर्यंत. नाश्ता आमच्याकडून. प्लॉटवर कितीही वेळ उभे राहा."

"कितीही वेळ?"

"हो सर."

"तारांच्या बाजूचा प्लॉट दाखवाल?"

ती जरा थबकली. तारांच्या बाजूचा आपण होऊन कुणी मागत नसावं.

"गाडी कुणाच्या नावाने पाठवू, सर?"

"ससाणे," मी म्हणालो. बायकोने कढीचा डाव तसाच हवेत धरला. "आणि मिसेस ससाणेही येतील."

रविवारी पावणेसहाला गाडी आहे. पक्षी तोवर थांबलेत की सोमालियाला लागलेत, माहीत नाही. दुर्बीण जॅकेटच्या आत घेणार आहे. गेटवर तोच असला, तर दाखवायचीसुद्धा नाही.