‘सिमेट्रिक नसेल तर फायबर नव्हेच’ म्हणे!

घरच्या फायबर इंटरनेटबद्दलचा हा मेसेज मला आतापर्यंत चार ठिकाणांहून आला. गल्लीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, गणपती मंडळाच्या ग्रुपवर आणि शेवटी शहापूरच्या मामांकडून. मामांनी खाली स्वतःची ओळ जोडली होती, ‘घेऊ काय नको, सांग की.’ मजकूर थोडक्यात असा: अपलोड (घरातून वर जाणारा डेटा) आणि डाउनलोड (खाली घरात येणारा) यांचा स्पीड सारखा, म्हणजे सिमेट्रिक, नसेल तर ते खरं फायबरच नव्हे. कंपनी निम्मा स्पीड चोरते. व्हिडिओ कॉल, गेम, सीसीटीव्ही अडकतं ते त्यामुळेच. म्हणून जास्त पैसे गेले तरी १:१ सिमेट्रिकच घ्या.

मामांना फोनवर सांगून झालं. बाकीच्या तीन ग्रुपांसाठी हे लिहितोय.

‘खरं फायबरच नव्हे.’ घराघरांत येणारं फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचं असतं, आणि ही पद्धत मुळातच असमान आहे. खाली येताना सुमारे २.५ जीबीपीएस (सेकंदाला गिगाबिट; एक जीबीपीएस म्हणजे हजार एमबीपीएस), वर जाताना १.२५. एकाच काचेच्या तारेतून दोन वेगळ्या तरंगलांबींचा उजेड जातो-येतो, आणि ती तार वाटेतल्या स्प्लिटरमधून ३२, कधी ६४ घरांना वाटलेली असते. वर पाठवताना सगळी घरं एकदम बोलू शकत नाहीत. वर्गात गुरुजी एकेकाला उभं करतात तशी एक्स्चेंजमधली मशीन प्रत्येक घराला पाळी देते. ३२ घरांनी एकाच क्षणी सगळा जोर लावला तर अपलोड वाट्याला येईल जेमतेम ३९ एमबीपीएस. तसं सहसा होत नाही, म्हणून चालून जातं. म्हणजे ज्या १००/१०० (आधी डाउनलोड, मग अपलोड, एमबीपीएसमध्ये) प्लॅनला मेसेज ‘खरं फायबर’ म्हणतो, तोही बहुधा याच असमान तारेवर चालतो! दोन्हीकडे सारखे १० जीबीपीएस देणारी एक्सजीएस-पॉन पद्धत आहे. तिचं मानक २०१६ साली आलं. ती तुमच्या खांबापर्यंत पोचली असेल तर उत्तम, पण ते प्लॅनच्या नावावरून कळत नाही.

हा संशय कुठून आला ते मात्र समजू शकतो. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून एडीएसएल इंटरनेट यायचं. त्यातल्या ‘ए’चा अर्थच असिमेट्रिक, म्हणजे असमान. खाली फार तर ८ एमबीपीएस, वर एकाच्या आसपास. त्या काळात एक फोटो मेल करायला लावून चहा घेऊन यायचो. ती आठवण लोकांच्या डोक्यात बसली आहे.

‘निम्मा स्पीड चोरतात.’ ५० सांगून २० दिला तर ती चोरी. २००/५० सांगून २००/५० दिला तर तो प्लॅन आहे. माझी मुख्य तक्रार इथेच आहे. ३०/३० आणि २००/५० हे दोन प्लॅन समोर ठेवा. मेसेजच्या हिशोबाने पहिला खरा, दुसरा फसवा. पण अपलोडसुद्धा दुसऱ्याचाच जास्त आहे की! मेसेज जोडी जुळते का बघतो, आकडा बघत नाही.

‘व्हिडिओ कॉल अडकतो.’ चांगल्या दर्जाच्या एका कॉलला वर जायला एक ते चार एमबीपीएस लागतात. घरात तिघे एकदम बोलत बसले तरी बारा. २० एमबीपीएस अपलोड असलेल्या घरात कॉल अडकला तर कारण दुसरं काहीतरी असतं.

ते दुसरं कारण आमच्याच घरात सापडलं. वहिनी संध्याकाळी दहावीच्या मुलांची ऑनलाइन शिकवणी घेते. सात वाजले की आवाज तुटायचा. तिने मेसेज वाचून सिमेट्रिक घ्यायचं ठरवलंच होतं. पाहिलं तर भाऊ कामावरून यायचा, त्याचा फोन वाय-फायला लागायचा आणि दिवसभराचे व्हिडिओ बॅकअपला वर जायला लागायचे. अपलोड गच्च भरला की गंमत होते: डाउनलोडही रखडतो. कारण खाली आलेल्या डेटाची पोच वर पाठवावी लागते, आणि ती पोच त्याच गर्दीत अडकते. इथे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. पण १०० अपलोड घेतला तरी बॅकअप तोही भरून टाकू शकतो, फक्त लवकर संपतो. आम्ही बॅकअप रात्री एकनंतर लावला आणि राउटरमध्ये त्या फोनच्या अपलोडला मर्यादा घातली. खर्च शून्य.

‘गेम अडकतो.’ बहुतेक गेमना एक एमबीपीएससुद्धा अपलोड लागत नाही, पिंग (डेटा जाऊन यायला लागणारा वेळ) कमी लागतो. काचेतून उजेड ५०० किलोमीटर, म्हणजे साधारण बेळगाव ते मुंबई, पाच मिलिसेकंदांत जाऊन येतो. बाकीचा उशीर वाटेतल्या यंत्रांचा आणि घरातल्या वाय-फायचा.

‘सीसीटीव्ही दिसत नाही.’ रेकॉर्डिंग घरातल्या डीव्हीआरवर (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणाऱ्या डब्यात) होत असेल तर पुण्यातून मुलगा बघतो तेवढाच वेळ चित्र वर जातं. चोवीस तास क्लाउडवर जाणारे कॅमेरे वेगळे. दोन एमबीपीएसचे चार कॅमेरे धरा: आठ एमबीपीएस, महिन्याला सुमारे २६०० जीबी. अनेक ‘अनलिमिटेड’ प्लॅनांची मर्यादा ३३०० जीबी असते. तेव्हा त्यात अपलोड धरतात का, ते आधी विचारा.

आता ज्यांना जास्त अपलोड खरंच हवा त्यांच्याबद्दल. लग्नाचं १०० जीबी शूटिंग एडिटरला पाठवणारा फोटोग्राफर: २० एमबीपीएसवर अकरा तास, १०० वर सव्वादोन. त्याने डोळे झाकून मोठा अपलोड घ्यावा. मंडळाची आरती लाइव्ह दाखवायला मात्र स्थिर दहा एमबीपीएस पुष्कळ. आणि उद्यमबागेतल्या कारखान्याला ऑफिसचा सर्व्हर बाहेरून चालवायचा असेल तर त्याने लीज्ड लाइनचा, म्हणजे फक्त स्वतःसाठी राखलेल्या जोडणीचा, विचार करावा. ‘१:१’ हा शब्द मुळात तिथला. त्याचा अर्थ, ही बँडविड्थ (तारेची डेटा वाहायची क्षमता) दुसऱ्या कुणाशी वाटलेली नाही. अपलोड-डाउनलोड सारखा असणं ही निराळी गोष्ट. मेसेजवाल्याने दोन्हींची खिचडी केली आहे.

खानापूर, जांबोटीकडच्या जंगलपट्ट्यातल्या लोकांचा प्रश्न तर वेगळाच. पावसाळ्यात झाड पडून तार तुटली तर दुरुस्तीला किती दिवस, आणि वीज गेल्यावर राउटर कशावर चालणार? मी तिकडे असतो तर सिमेट्रिकच्या जादा पैशांत आधी राउटरचा छोटा यूपीएस घेतला असता.

मामांचं काय झालं? त्यांचा राउटर देव्हाऱ्यामागच्या कपाटात, आणि मध्ये दीड फूट जाडीची दगडी भिंत. लॅपटॉप थेट केबलने जोडून मोजलं तर ९४ आणि ३८. झोपाळ्यावर बसून मोबाइलवर, ६ आणि २. राउटर आता माजघरात खुंटीच्या वर आहे. मामीला तिथे तो आवडत नाही.